दुर्मिळतेची किंमत : रंगीत अजगरांच्या बाजाराचा एक इतिहास

मराठी समीक्षेत ‘मूल्य’ हा शब्द आपण इतक्या सढळपणे वापरतो की त्याचे मूळ व्यापारात आहे याचाही विसर पडावा. वाङ्मयीन मूल्य, सौंदर्यमूल्य, जीवनमूल्य ही पदे वर्गात रोज उच्चारली जातात. ‘किंमत’ हा शब्द मात्र बाजारातला म्हणून आपण त्याला दाराबाहेरच उभा करतो. या दोन शब्दांमधले अंतर नेमके किती, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात एक अनपेक्षित उदाहरण घेतले आहे. ते आहे पाळीव सापांच्या किमतींचे. मराठीच्या अध्यापकाने सापांच्या बाजारावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु एखादी वस्तू दुर्मीळ कशी ठरते, कोण ठरवते, आणि ती दुर्मिळता किती काळ टिकते, हे प्रश्न आपल्याला परके नाहीत.

पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांच्या गवताळ पट्ट्यात एक लहानसा अजगर राहतो. शास्त्रीय नाव ‘पायथन रेजियस’, म्हणजे राजअजगर. १८०२ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. आपल्याकडील ‘अजगर’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘अज’ म्हणजे बोकड गिळणारा अशी सांगितली जाते. या बिचाऱ्याला उंदरापलीकडे फारसे काही झेपत नाही. लांबी तीन ते पाच फूट, स्वभाव भित्रा. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून अमेरिकेत त्याला ‘बॉल पायथन’ म्हणतात. तपकिरी-काळ्या अंगावर सोनेरी-पिवळसर ठिपक्यांची नक्षी असते. वाळल्या पानापाचोळ्यात ती सहज मिसळून जावी अशीच निसर्गाची योजना आहे.

बेनिनमधील उईदा या गावी या अजगरांचे मंदिर आहे. तेथे तो पूज्य मानला जातो, त्याला मारणे निषिद्ध समजले जाते, आणि भटकत एखाद्या घरात शिरलेला अजगर सन्मानाने मंदिरात परत पोहोचवला जातो. त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो व घानामधून हेच अजगर खोक्यांत भरून परदेशी पाठवले जातात. कोरड्या ऋतूच्या अखेरीस शिकारी उंदरांची बिळे आणि वारुळे खणतात, गाभण माद्या आणि अंडी गोळा करतात. ती अंडी निर्यातदारांच्या आवारात उबवली जातात आणि पिल्ले विमानाने युरोप-अमेरिकेला जातात. १९७५ पासून आजवर या जातीचे तीस लाखांहून अधिक जिवंत अजगर आफ्रिकेबाहेर गेले आहेत. आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली असलेल्या प्राण्यांपैकी आफ्रिकेतून जिवंत स्थितीत सर्वाधिक निर्यात होते ती याच प्राण्याची. म्हणजे एकाच पट्ट्यात एकच साप देवही आहे आणि घाऊक मालही. दुर्मीळ मात्र तो कोणत्याही अर्थाने नाही. आपल्या कथेचा आरंभ हा असा विपुलतेतून होतो, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

विपुलतेतून दुर्मिळता कशी निर्माण झाली? त्यासाठी आधी दुसऱ्या एका अजगराकडे जावे लागेल. १९८६ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील बॉब क्लार्क या संवर्धकाकडे ब्रह्मी अजगराची वर्णहीन पिल्ले जन्मली. त्वचेतील काळे रंगद्रव्य नसल्याने त्यांचा रंग पांढरा आणि पिवळा होता. वर्णहीन प्राणी निसर्गात अधूनमधून जन्मतातच, पण ते फार काळ जगत नाहीत. गवतात चमकणारा पांढरा साप घारीला आधी दिसतो आणि उंदरालाही. रानात जो गुण मरणाला कारण होतो तोच काचेच्या पेटीत मोलाचा ठरला. शिवाय एक वर्णहीन साप सापडणे निराळे आणि त्या वर्णहीनतेचा वंश चालवता येणे निराळे. पहिला योगायोग होता, दुसऱ्याला भांडवल म्हणता येईल. १९९२ साली क्लार्क यांनी हाच प्रयोग बॉल पायथनवर यशस्वी केला. त्या पिल्लांना काही हजार डॉलरांचा भाव आला. जंगलातून आलेला साधा बॉल पायथन त्या वेळी दुकानांत वीस-तीस डॉलरांना मिळत होता.

यानंतर आफ्रिकेहून येणाऱ्या खोक्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आयातदार हजारो पिल्लांतून ‘वेगळे’ पिल्लू निवडू लागले. थोडे फिकट, थोडे काळसर, अंगावर पांढरा डाग असलेले, ठिपक्यांऐवजी रेषा असलेले. पुढे निर्यातदारांनाही याचा सुगावा लागला आणि असे पिल्लू खोक्यात न टाकता ते वेगळे ठेवून त्याचा निराळा भाव सांगू लागले. जुन्या हस्तलिखितांच्या गठ्ठ्यात एखादे वेगळे पान शोधणाऱ्या संशोधकाची ज्यांना आठवण होईल त्यांनी फार दूर जाऊ नये. संशोधकाला पान सापडले की काम बरेचसे संपते. या मंडळींचे काम तेथून सुरू होत असे.

कारण वेगळेपण सिद्ध करावे लागते. सापडलेला रंग आनुवंशिक आहे की अंडे उबवताना तापमान बिघडल्याने आलेला केवळ अपघात आहे, हे पाहून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या नराचा साध्या मादीशी संयोग घडवायचा. गुण अप्रकट स्वरूपाचा असेल तर पहिल्या पिढीतील सगळी पिल्ले अगदी साधी दिसतात, मात्र प्रत्येकाच्या अंगी तो गुण लपलेला असतो. मग त्यांतील माद्या वाढवायच्या. या जातीच्या मादीला अंडी घालण्याजोगी होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात, आणि वर्षाला ती सरासरी सहा अंडी घालते, तीही प्रत्येक वर्षी घालेलच असे नाही. त्या माद्यांचा बापाशी किंवा भावांशी संयोग घडवायचा आणि अंडी फुटण्याची वाट पाहायची. पाच-सहा वर्षांनंतर एखाद्या अंड्यातून पांढरे-तपकिरी डोके बाहेर आले तर सिद्धी, अन्यथा इतकी वर्षे उंदीर खाऊ घातल्याचा खर्च. अंगावर मोठे शुभ्र पट्टे असलेला ‘पायबाल्ड’ हा प्रकार पीटर काल यांनी १९९७ मध्ये असाच सिद्ध केला. त्याच्या पहिल्या पिल्लांचे भाव दहा हजार डॉलरांच्या पलीकडे गेले.

ही रक्कम कशासाठी मोजली गेली? सौंदर्यासाठी, असे उत्तर सहज सुचते. पायबाल्ड सुंदर असतो यात शंका नाही. तथापि तोच पायबाल्ड आज दोन-चारशे डॉलरांना मिळतो आणि त्याच्या अंगावरचे पांढरे पट्टे तसूभरही कमी झालेले नाहीत. सौंदर्य तेच, किंमत निराळी. तेव्हा किंमत सौंदर्याची नव्हती. निसर्गातील दुर्मिळतेचीही नव्हती, कारण रानात पायबाल्ड तेव्हा जितके जन्मत तितकेच आताही जन्मत असावेत. माझ्या मते गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते त्या सापाच्या न जन्मलेल्या संततीसाठी. साप हा केवळ कागद, त्यावर पुढील दहा वर्षांच्या पिल्लांचा करार लिहिलेला.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित हिशोब मांडून पाहू. समजा, एका संवर्धकाने एक वर्णहीन नर आणि तो गुण लपलेल्या तीन माद्या विकत घेतल्या. प्रत्येकीची सहा अंडी धरली तर वर्षाला अठरा पिल्ले झाली, आणि गणिताप्रमाणे त्यांतील निम्मी, म्हणजे नऊ, वर्णहीन. पहिल्याच वर्षी गुंतवणूक वसूल. परंतु हाच हिशोब शंभर जणांनी केला असेल तर त्या वर्षी नऊशे वर्णहीन पिल्ले बाजारात आली, आणि ती घेणारा प्रत्येक जण चार वर्षांनी स्वतःच विक्रेता होणार आहे. ज्या कारणाने भाव चढतो त्याच कारणाने तो पडतो. चित्राचा ग्राहक दुसरे तसेच चित्र निर्माण करीत नाही, हिऱ्याचा ग्राहक हिरे व्यायला घालीत नाही. येथे मात्र दुर्मीळ वस्तू स्वतःची दुर्मिळता स्वतःच्याच पोटी नष्ट करते, आणि तिने ती नष्ट करावी यासाठीच ती विकत घेतली जाते. पहिल्या दोन-तीन वर्षांत विकणारे श्रीमंत झाले. उशिरा आलेल्यांच्या हाती तगाऱ्या, उष्णतेच्या पट्ट्या आणि विकली न जाणारी पिल्ले राहिली.

येथे सतराव्या शतकातील हॉलंडच्या ट्युलिप फुलांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला आणि तेव्हापासून प्रत्येक सट्ट्याला ट्युलिपची उपमा देण्याची प्रथा पडली आहे. उपमा थोडी घासून गुळगुळीत झाली आहे हे खरे, परंतु तिचा एक दुर्लक्षित भाग येथे उपयोगी पडतो. ट्युलिपच्या ज्या लाल-पांढऱ्या ज्वालांसारख्या रेषांसाठी लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले त्या रेषा एका विषाणूच्या रोगाने उमटत, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. रोगाने कंद दुबळा होई, त्याला नवे कंद कमी फुटत, आणि म्हणूनच ती फुले दुर्मीळ राहत. सौंदर्य आणि व्याधी यांचे मूळ एकच होते. अजगरांच्या इतिहासातही अशी एक जागा येते. ती पुढे पाहू.

तत्पूर्वी नावांविषयी. भाषेच्या अभ्यासकाला या बाजारातील सर्वांत रोचक गोष्ट हीच वाटेल. जो एखादा गुण सिद्ध करतो त्यालाच त्याचे नाव ठेवण्याचा मान मिळतो, असा अलिखित संकेत आहे. त्यातून ‘पेस्टल’, ‘क्लाऊन’, ‘बनाना’, ‘मोहावे’, ‘स्पायडर’ अशी नावे रूढ झाली. पुढे दोन गुण एका सापात एकत्र आणण्याची कला साधली आणि नावेही सामासिक झाली. हे समास मात्र पाणिनीलाही चक्रावून टाकतील. ‘बंबलबी’ याचा विग्रह ‘पेस्टल आणि स्पायडर’. ‘किलर बी’ म्हणजे दुहेरी पेस्टल आणि स्पायडर. लव्हेंडर वर्णहीन आणि पायबाल्ड यांचा संयोग ‘ड्रीमसिकल’. घटकपदांपैकी एकही पद समासात दिसत नाही आणि तरी जाणकाराला नाव ऐकताच संपूर्ण वंशावळ कळते. ही नावे आता हजारोंच्या घरात गेली आहेत. फ्लोरिडातील डेटोना बीच किंवा इलिनॉयमधील टिनली पार्क येथील मेळ्यांत पारदर्शक डब्यांच्या रांगांवर या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. एका गुणाचा भाव पडला की त्याला दुसऱ्याशी जोडून नवे नाव तयार करायचे आणि दुर्मिळता पुन्हा आरंभापासून सुरू करायची, अशी ही युक्ती. नवकाव्य, साठोत्तरी, उत्तर-आधुनिक अशी लेबले जोडत जाणाऱ्या आमच्या पेशाने यावर हसण्यापूर्वी थोडा विचार करावा.

चिठ्ठीवर आणखी एक मजकूर असे, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या अर्थव्यवहाराचा गाभा तोच. ज्याच्या अंगी गुण लपलेला आहे पण दिसत नाही अशा सापाला ‘हेट’ म्हणतात. दिसायला तो वीस डॉलरांच्या साध्या सापासारखाच, किंमत मात्र कित्येक पट. गुण लपलेल्या नर-मादीची जी पिल्ले साधी दिसतात त्यांपैकी दोन-तृतीयांश पिल्लांत तो लपलेला असतो, पण कोणत्या ते कळत नाही. म्हणून अशा प्रत्येक पिल्लावर ‘६६ टक्के संभाव्य हेट’ अशी चिठ्ठी लागते. साप हा टक्केवारीने कसा असेल? तो एकतर तसा असतो किंवा नसतो. ६६ टक्के ही सापाची अवस्था नाही, ती आपल्या अज्ञानाचे माप आहे, आणि त्या अज्ञानाला रीतसर भाव होता. शंभर टक्के हेट महाग, ६६ टक्के त्याहून स्वस्त, ५० टक्के आणखी स्वस्त. सगळे दिसायला एकसारखे. हा व्यवहार चालला तो केवळ विक्रेत्याच्या शब्दावर. त्याने फसवले असेल तर ते कळायला तीन वर्षे लागत, आणि तेव्हाही खात्री नसे, कारण सहा अंड्यांत अपेक्षित पिल्लू न निघणे हा निव्वळ दैवाचा भागही असू शकतो. त्यामुळे या बाजारात माणसाच्या नावाला सापाइतकीच किंमत आली. अमुक संवर्धकाकडून आलेला साप म्हणजे खात्रीचा, अशी घराणी तयार झाली.

अलीकडच्या काही वर्षांत हे अज्ञान संपू लागले आहे. मिशिगन राज्यातील एका विद्यापीठाच्या अभ्यासगटाने पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या कातींतून जनुके वेगळी काढली आणि २०२२ साली वर्णहीन, लव्हेंडर आणि अल्ट्रामेल या तीन प्रकारांची जनुकीय कारणे प्रसिद्ध केली. सापाने टाकलेली कात पाकिटात घालून पाठवली की त्याच्यात काय लपले आहे ते कळू शकते, अशी व्यावसायिक सोयही आता आहे. ‘६६ टक्के’ या चिठ्ठीला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. ज्ञानाने किंमत वाढते अशी आपली समजूत असते. येथे ज्ञानाने संभाव्यतेचा बाजार मोडायला घेतला.

आता ती ट्युलिपसारखी जागा. १९९९ साली न्यू हॅम्पशायरमधील केव्हिन मॅककर्ली यांनी ‘स्पायडर’ हा प्रकार सिद्ध केला. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा आणि उजळ सोनेरी पार्श्वभूमी. हा गुण प्रकट स्वरूपाचा, म्हणजे एका पालकात असला तरी निम्म्या पिल्लांत थेट दिसतो. पाच-सहा वर्षांची प्रतीक्षा नको. बाजारात त्याने धमाल उडवली आणि असंख्य सामासिक नावांत तो घटकपद झाला. जगातील सर्व स्पायडर आफ्रिकेतून आलेल्या एकाच सापाचे वंशज आहेत. आणि त्या सर्वांचे डोके हलते. कोणाचे किंचित थरथरते, कोणाचे मान पिळवटून उलटे होते. काहींचा उंदरावरचा वार चुकतो. काही उलटे पडल्यावर सरळ होताना चाचपडतात. संवर्धकांच्या बोलीत याला ‘वॉबल’ म्हणजे डुगडुग असा जवळजवळ लाडका शब्द आहे.

ही डुगडुग सुरुवातीपासून माहीत होती, हे महत्त्वाचे. ती लपवली गेली असे सर्वस्वी म्हणता येणार नाही, तिला सौम्य शब्दांत गुंडाळले गेले. साप खातो, वाढतो, अंडी घालतो, मग त्याला त्रास आहे असे कशावरून, हा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालला. चांगल्या वंशाशी संयोग घडवत गेल्यास दोष नाहीसा होईल, असेही सांगितले गेले. तो नाहीसा झाला नाही, कारण नक्षी आणि दोष वेगळे करताच येत नव्हते. २०२२ साली जर्मन संशोधकांनी अशा सापांच्या कवट्यांचे सूक्ष्म क्ष-किरण चित्रण प्रसिद्ध केले, तेव्हा आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या नलिका आणि पिशव्या यांची घडणच विकृत असल्याचे दिसून आले. बाहेरच्या कातडीवर जाळे विणणाराच घटक आत तोल बिघडवीत होता. ब्रिटनमधील एका सरीसृपविषयक संस्थेने आपल्या मेळ्यांत स्पायडरच्या विक्रीला बंदी केली. इतरत्र त्यांची विक्री सुरूच राहिली.

मी या जागी थोडा अडखळतो. सापाला पायही नाहीत आणि चेहऱ्यावर भावही नाहीत. त्याच्या दुःखाला आपल्याकडे भाषा नाही. कुत्रा कण्हतो, मांजर लंगडते, हे आपल्याला वाचता येते. हलणारे डोके मात्र दोन प्रकारे वाचले गेले. व्यथा म्हणून किंवा वैशिष्ट्य म्हणून. कोणते वाचन रूढ झाले हे सापाने ठरवले नाही, त्याच्या भावाने ठरवले. स्पायडर पहिल्या वर्षांत महाग नसता तर हा वंश एकाच पिढीत थांबवला गेला असता, असे मला वाटते. डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात कबुतरांच्या शौकिनांचे उदाहरण घेतले आणि माणूस आपल्या लहरीखातर प्राण्याच्या देहात केवढे बदल घडवू शकतो हे दाखवले. त्या शौकिनांना मात्र स्वतःची लहर ही लहर वाटत नसे, त्यांना ती पारख वाटत असे.

सगळेच महाग साप असे पैदाशीने स्वस्त होत नाहीत. न्यू गिनीच्या उंच डोंगराळ भागातील बोएलेन अजगर निळसर काळा, उन्हात इंद्रधनुष्यासारखा झळाळणारा असतो. बंदिवासात तो सहसा वंश वाढवत नाही, आणि म्हणून त्याची किंमत दशकानुदशके हजारो डॉलरांत टिकून आहे. जेथे पैदास अवघड तेथे भाव टिकतो, पण त्या टिकण्याची भरपाई जंगलाला करावी लागते. इंडोनेशियातील हिरव्या अजगरांबाबत तर हे आकड्यांनिशी दिसले. ‘बंदिवासात जन्मलेले’ असा कागद लावून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के प्रत्यक्षात रानातून पकडलेले असतात, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निघाला. म्हणजे येथेही चिठ्ठी आणि साप यांचा संबंध तुटलेला होता. अमेरिकेत चिठ्ठी भविष्याबद्दल बोलत होती, इंडोनेशियात ती भूतकाळाबद्दल खोटे बोलत होती.

कायदाही किंमत घडवतो व मोडतो. फ्लोरिडाच्या दलदलीत सुटलेल्या ब्रह्मी अजगरांनी उच्छाद मांडल्यावर २०१२ साली अमेरिकी सरकारने ती जात ‘अपायकारक’ ठरवून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी केली. १९८६ पासून उभा राहिलेला वर्णहीन ब्रह्मी अजगरांचा व्यापार त्यामुळे खिळखिळा झाला. २०१७ मध्ये तेथील अपील न्यायालयाने मुख्य भूमीवरील राज्याराज्यांतील वाहतुकीपुरती ही बंदी बेकायदा ठरवली, पण तोवर पाच वर्षे गेली होती आणि शौकीन दुसऱ्या जातींकडे वळले होते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप पकडणे, पाळणे, विकणे निषिद्ध आहे. तेव्हा येथे सापांचा भाव हा विषयच नसावा, असे वाटेल. तो आहे, आणि तो अमेरिकेतील भावाहून कितीतरी अद्भुत आहे. मांडूळ हा भुसभुशीत जमिनीत राहणारा बिनविषारी साप. शेपूट बोथट असल्याने दोन्हीकडे तोंड असल्यासारखा भासतो, म्हणून दुतोंड्या. उंदीर खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. गुप्तधन शोधण्यासाठी, पैशांचा पाऊस पाडण्यासाठी, असाध्य रोगावर औषध म्हणून त्याला लाखो, क्वचित कोटी रुपये मिळतात अशी आवई गेली कित्येक वर्षे महाराष्ट्रात फिरते आहे. डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील मांडूळ तस्करीच्या १७२ घटना नोंदवल्या, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होत्या.

अमेरिकी बाजारात भाव कितीही फुगला तरी दुसऱ्या टोकाला पैसे मोजणारा माणूस होता. मांडुळाच्या व्यवहारात तो बहुधा नसतोच. पकडणारा, मध्यस्थ, मध्यस्थाचा मध्यस्थ आणि शेवटी गिऱ्हाईकाच्या वेषातील पोलीस, अशी ही साखळी. मग पंचनामा होतो, जप्त सापाची ‘आंतरराष्ट्रीय बाजारातील किंमत’ लिहिली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. तो आकडा कुठून आला? आरोपीने सांगितला, पोलिसांनी लिहिला, वार्ताहराने छापला. वाचून पुढच्या गावातील एखादा बेकार तरुण बांधावर मांडूळ शोधू लागतो. अमेरिकेत कायदेशीर पैदाशीतून मिळणाऱ्या याच जातीच्या सापाचा भाव काही शे डॉलरांच्या आसपास असतो. बाकीचे सारे लाख आणि कोटी हे केवळ लिखित शब्दाचे अपत्य आहे. छापील अक्षराच्या सामर्थ्यावर व्याख्याने देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उदाहरण जरूर वर्गात सांगावे. मी सांगतो. विद्यार्थी आधी हसतात. मग एखादा आपल्या गावात पकडल्या गेलेल्या मुलांविषयी बोलू लागतो आणि हसणे थांबते.

अंगरंगांचे आफ्रिकी अजगरही आता आपल्या शहरांत पोहोचले आहेत. विदेशी जात म्हणून १९७२ च्या कायद्याच्या मूळ अनुसूचींत त्यांचा समावेश नव्हता आणि त्या फटीतून हा शौक शिरला. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत दडवलेले अकरा साप सापडले. त्यांपैकी नऊ बॉल पायथन होते, दोन अमेरिकी कॉर्न स्नेक. महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी ते जप्त केले आणि बँकॉकला परत पाठवण्यासाठी विमान कंपनीच्या स्वाधीन करण्यात आले. उईदाच्या मंदिरात ज्याला घरी पोहोचवले जाते तोच हा प्राणी. येथे ‘परत’ या शब्दाचा अर्थ थायलंड असा झाला.

त्याआधी, २०२० मध्ये, केंद्र सरकारने असे विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली होती. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. बॉल पायथन पाळणाऱ्याला आता त्याची नोंद सरकारदरबारी करावी लागते. साप दुसऱ्याला दिला तर ते कळवायचे, मेला तर ते कळवायचे, आणि पिल्ले झाली तर तीही.